मावशीचं खातं मावशीच्याच हातात: बँकेच्या संरक्षण सुविधेबद्दल

ज्येष्ठ नागरिकांसाठी म्हणून बँका जे देतात त्यात बहुतेक वेळा थोडं वाढीव व्याज, वेगळी खिडकी आणि बसायला खुर्ची एवढंच असतं. पैसे काढून घेणारा माणूस घरातलाच असेल तर काय करायचं, या प्रश्नाला हात घालणारी सोय मी नोकरीत असेपर्यंत पाहिली नव्हती. माझी सगळी नोकरी बँकेत गेली, आधी काउंटरवर आणि नंतर ठेवींच्या टेबलावर. माझ्या मावशीचं खातं ज्या बँकेत आहे तिथे आता अशी एक सुविधा सुरू झाली आहे. तिच्या खात्यावर ती लावून घेऊन बरेच महिने झाले, म्हणून नीट लिहिते आहे. बँकेचं नाव देत नाही. तुमच्या बँकेत असं काही असेल तर त्यात काय पाहायचं हे कळावं, एवढ्यासाठी हा प्रपंच.

सुविधेत मुख्य गोष्टी चार. खातेदाराने नेमलेली एक व्यक्ती खात्यातली उलाढाल पाहू शकते, पण तिला एक पैसाही हलवता येत नाही. आणखी एक व्यक्ती ‘विश्वासू संपर्क’ म्हणून नोंदवता येते. काही संशयास्पद दिसलं तर बँक तिला फोन करते. ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा मोठी रक्कम, किंवा नव्या माणसाच्या खात्यात पहिल्यांदाच जाणारे पैसे, एक दिवस अडवून धरले जातात आणि खातेदाराला फोन करून विचारलं जातं. शिवाय घरी येऊन रोकड देण्याची आणि कागदपत्रं घेऊन जाण्याची सोय आहे. ही शेवटची सोय इतर बँकाही देतात. ती ठीक चालते, तिच्याबद्दल आणखी सांगण्यासारखं काही नाही.

मावशीला याची गरज का पडली ते सांगते. तिला मूलबाळ नाही. काका गेल्यापासून ती एकटी राहते आणि एकटंच राहायचं हा तिचा ठाम निर्णय आहे. डोळ्यांच्या पडद्याच्या आजारामुळे तिला बारीक अक्षर दिसत नाही, एटीएमच्या पडद्यावरचं तर अजिबातच नाही. तिच्या दिराचा मुलगा जवळ राहतो. औषधं आणणं, दवाखान्यात नेणं, बिलं भरणं हे सगळं तो करायचा, आणि ते तो खरोखर करायचा. कार्ड त्याच्याकडे, पिन त्याला पाठ, आणि बँकेचे मेसेज येणारा मोबाइलही बऱ्याचदा त्याच्याच खिशात. सुरुवातीला औषधांच्या बिलापेक्षा थोडे जास्त पैसे निघायचे. पुढे पेन्शनचा मोठा भाग निघू लागला. मग एक मुदत ठेव मुदतीआधी मोडली गेली. त्या अर्जावर सही मावशीचीच होती, फक्त ती कशावर सही करते आहे हे तिला कोणी वाचून दाखवलं नव्हतं.

पासबुक माझ्या हातात आलं तेव्हा मी विचारलं, “मावशी, तुला हे ठाऊक होतं का?” ती म्हणाली, “ठाऊक होतं गं. पण त्याला बोलले आणि तो यायचाच बंद झाला, तर मला दवाखान्यात कोण नेईल?”

“म्हाताऱ्या माणसांनी वेळेवर सांगायला काय हरकत असते?” असं विचारणारे पुष्कळ भेटतात. मावशी काही विसरत नव्हती, भोळीही नव्हती. तिला हिशोब पक्का कळत होता. पैशाच्या बदल्यात ती त्याचं येणं-जाणं टिकवत होती आणि त्याबद्दल मनातल्या मनात कुढत होती. काउंटरवर असताना अशा किती जणी माझ्यासमोर उभ्या राहून गेल्या असतील, हा विचार मला तेव्हापासून सोडत नाही.

हा प्रकार एखाद्या घरापुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे साठीपुढच्या दर सहा जणांपैकी एकाला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या प्रकारचा छळ सोसावा लागतो. २०१७ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २८ देशांतल्या ५२ अभ्यासांचा एकत्रित आढावा छापून आला. त्यात आर्थिक छळाचं प्रमाण ६.८ टक्के निघालं, म्हणजे मारहाणीच्या दुपटीहून जास्त. त्याच्या वरती फक्त मानसिक छळ होता. मारहाणीचा वळ दिसतो, शेजारी विचारतात. ठेव मोडल्याचा वळ फक्त पासबुकात उमटतो, आणि पासबुक कोणाच्या ताब्यात आहे ते तर वर सांगितलंच. १५ जून हा दिवस २००६ पासून ज्येष्ठांच्या छळाबद्दल जागृतीचा दिवस म्हणून पाळला जातो. संयुक्त राष्ट्रांनी २०११ मध्ये त्याला मान्यता दिली. तरी बँकेच्या रांगेत उभ्या असलेल्या किती जणांना तो माहीत असेल?

पैसा, नाव, ओळखी असल्या की माणूस सुरक्षित राहतो, असंही नाही. न्यूयॉर्कच्या ब्रूक ॲस्टर या मोठ्या दानशूर बाई. त्यांना उतारवयात अल्झायमर झाला. २००६ साली त्यांच्या नातवाने न्यायालयात धाव घेतली, स्वतःच्याच वडिलांविरुद्ध. बाई २००७ मध्ये १०५ व्या वर्षी गेल्या आणि २००९ मध्ये त्यांचा मुलगा अँथनी मार्शल आईच्या मालमत्तेवर हात मारल्याबद्दल दोषी ठरला. मिकी रूनी हा एकेकाळी जगभर गाजलेला नट. नव्वदीत, २०११ च्या मार्चमध्ये, अमेरिकी सेनेटच्या समितीपुढे बसून त्याने सांगितलं की स्वतःच्याच पैशांवर आपला ताबा राहिला नव्हता आणि आपण भीतीपोटी गप्प राहिलो. ज्याचा चेहरा अख्खी दुनिया ओळखते त्यालाही बोलायला इतका काळ लागला, तर आपल्या मावश्या-आत्यांकडून आपण कसली अपेक्षा करायची!

आता बँकेतला अनुभव. आम्ही दोघी शाखेत गेलो तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याने आधी ही सुविधा दाखवलीच नाही. त्याने सुचवलं ते नेहमीचंच, “आजी, ताईंचं नाव खात्याला जोडून टाका, संयुक्त खातं करा, सगळ्यांनाच सोयीचं.” वाईट हेतू नव्हता, शाखेत सर्रास हेच सांगितलं जातं. मी नोकरीत असताना आमच्या शाखेतही हेच सांगायचे. पण ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात राहील तो’ या पद्धतीच्या संयुक्त खात्यात दुसऱ्या नावाला पहिल्या दिवसापासून सगळे पैसे काढता येतात. पहिल्या खातेदाराला विचारावं लागत नाही. पैसे गेल्यावर बँकेकडे तक्रार नेली तर बँक म्हणते, व्यवहार नियमाप्रमाणेच झाला आहे, आणि ते खरंच असतं. जोडलेला माणूस सज्जन असेल, पण उद्या त्याच्यावर कर्ज झालं, त्याच्या संसारात भांडणं लागली, तरी ते खातं तसंच उघडं राहतं. मी मावशीची भाची आहे आणि तिच्या पैशाला हात लावणार नाही, हे मला माहीत आहे. बँकेला ते माहीत असण्याचं काही कारण नाही, आणि मावशीलाही नुसत्या माझ्या शब्दावर अवलंबून राहावं लागू नये.

माझ्या मागे पैसे अमक्याला सहज मिळावेत, एवढाच हेतू असेल तर नामनिर्देशन पुरतं. नॉमिनीला खातेदार जिवंत असेपर्यंत काहीही हक्क नसतो. संयुक्तच करायचं तर ‘पहिला खातेदार किंवा हयात राहील तो’ अशीही पद्धत असते. तिच्यात पहिला खातेदार हयात असताना दुसऱ्याला व्यवहार करता येत नाही. अर्जावर दोन्ही पर्याय छापलेले असतात. बोट नेहमी वरच्यावरच ठेवलं जातं.

मुखत्यारपत्राचंही तसंच आहे. लोक ते सर्वाधिकार देऊन करतात, कोणत्या खात्यासाठी, कोणत्या कामासाठी, किती रकमेपर्यंत हे लिहीतच नाहीत. आणि भारतात करार कायद्याप्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते मुखत्यारपत्रही संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी केलं त्याच दिवशी ते कायद्याने निरुपयोगी, आणि तरी बँकेला कोणी कळवलं नाही म्हणून वापरलं जातं. इंग्लंडमध्ये २००५ च्या कायद्याने यासाठी वेगळं, क्षमता गेल्यावरही टिकणारं अधिकारपत्र आणलं आणि ते वापरण्यापूर्वी सरकारी कार्यालयात नोंदवावंच लागतं. ती नोंदणी मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे कागद घराबाहेरच्या कोणाच्या तरी नजरेखालून जातो.

हे सगळं मी त्या अधिकाऱ्याला शांतपणे सांगितलं आणि सुविधेचा अर्ज मागितला. त्याने तो काढून दिला.

फक्त पाहण्याच्या परवानगीबद्दल मी सर्वांत जास्त लिहिणार आहे, कारण या सुविधेची खरी किंमत तिथे आहे. पाहणं आणि हात लावणं हे दोन वेगळे अधिकार आहेत, ही साधी गोष्ट आपल्या घरांतही पाळली जात नाही आणि बँकांच्या अर्जांतही नाही. आईच्या खात्यावर लक्ष ठेवायचं म्हटलं की मुलगा तिचं कार्ड, पिन, मोबाइल, चेकबुक सगळं घेतो. हेतू चांगला असेल तरी त्या दिवशी आईचा स्वतःच्या पैशाशी संबंध तुटतो. इथे मला माझ्या वेगळ्या लॉगिनने मावशीच्या खात्यातली जमा आणि खर्च दिसतो. पैसे पाठवायचं बटणच माझ्या पडद्यावर नाही. ओटीपी माझ्याकडे येत नाही. मी पत्ता बदलू शकत नाही, चेकबुक मागवू शकत नाही, ठेव मोडू शकत नाही. मी किती दूर राहते याने काही फरक पडत नाही. कार्डाने पैसे निघाले की मला लगेच मेसेज येतो.

त्याहून चांगली गोष्ट म्हणजे काय दिसावं हे मावशीने ठरवायचं असतं. एकूण शिल्लक दाखवायची की नाही, ठेवी दाखवायच्या की फक्त बचत खातं, ठरावीक रकमेपुढचेच व्यवहार दाखवायचे की सगळे, अशी निवड अर्जात आहे. मावशीने मला ठेवी दाखवल्या, पण लहानसहान खर्च दाखवले नाहीत. “मी मंदिरात काय दिलं आणि मोलकरणीला काय दिलं हे तुला कशाला हवं?” असं ती म्हणाली. अगदी बरोबर म्हणाली. शिवाय मी खातं उघडून पाहिलं की तिला तसा मेसेज जातो. हे मला फार आवडलं. पाहणाऱ्यावरही कोणाची तरी नजर हवीच. महिन्याच्या सुरुवातीला मी पाहते आणि तिला फोन करते, मग आम्ही दोघी मिळून नोंदी वाचतो. ती तारीख सांगते, मी रक्कम सांगते, आणि कशासाठी गेले ते तीच सांगते. हिशोबात तिचं डोकं माझ्यापेक्षा जलद चालतं.

अर्ज भरताना जे घडलं त्यासाठी मी त्या शाखेला मनापासून गुण देते. मावशीच्या निवडी भरायची वेळ आली तेव्हा एका तरुण अधिकारी मुलीने मला बाहेर बसायला सांगितलं. “ताई, हा भाग मला आजींशी एकटीने बोलायचा आहे.” मी लगेच उठले. आत तिने मावशीला मोठ्या अक्षरातला कागद दिला, वाचूनही दाखवला, आणि विचारलं की तुम्हाला यासाठी कोणी आग्रह केला आहे का, तुम्हाला कोणाची भीती वाटते का, ज्यांचं नाव देताय त्यांच्यावर तुमचा विश्वास आहे ना. हे मला नंतर मावशीने सांगितलं. हा प्रश्न विचारणं सुविधेच्या नियमातच लिहिलेलं आहे. एरवी काउंटरवर आम्ही काय पाहायचो? आजी खुर्चीत बसलेल्या, सोबतचा माणूस खिडकीशी, आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तो देणार. पैसे काढायची स्लिप आधीच भरून आणलेली, वर फक्त सही, ती सहीही थरथरती. आजवर शाखेत न आलेला नातेवाईक अचानक दर आठवड्याला यायला लागणार. मोबाइल क्रमांक बदलायचा अर्ज, नॉमिनी बदलायचा अर्ज आणि ठेव मोडायचा अर्ज, तिन्ही एकाच दिवशी. यातली एखादीच गोष्ट असेल तर ती निरुपद्रवीही असू शकते. तिन्ही एकत्र आल्या की मी मान वर करून आजींच्या डोळ्यांत पाहायची आणि काही ना काही निमित्ताने त्यांना आत बोलवायची. पण ते माझ्या मनावर होतं. दुसऱ्या खिडकीवर गर्दी असली की तोच अर्ज दोन मिनिटांत पास. ज्या गोष्टी कर्मचाऱ्याच्या चांगुलपणावर सोडलेल्या होत्या त्या इथे नियमात आल्या आहेत, म्हणून मला ही सुविधा महत्त्वाची वाटते.

विश्वासू संपर्काची कल्पना नवी नाही. अमेरिकेत २०१८ च्या फेब्रुवारीपासून शेअर दलालांच्या संस्थांना ग्राहकाकडून अशा व्यक्तीचं नाव मागावं लागतं, आणि पासष्टीपुढच्या ग्राहकाची लूट होत असल्याचा रास्त संशय असेल तर पैसे काही दिवस रोखून धरण्याची मुभाही त्यांना नियमाने मिळाली. संपर्क व्यक्तीला त्या पैशांवर काही अधिकार मिळत नाही, ती फक्त “हो, त्या बऱ्या आहेत” किंवा “नाही, मी जाऊन पाहते” एवढं सांगणारी. मावशीने या जागी तिच्या जुन्या मैत्रिणीच्या मुलीचं नाव दिलं. नात्याबाहेरचं. मला ते ऐकून बरं वाटलं. पैशाची लूट घरातून होत असेल तर घराबाहेरचं एखादं माणूस यादीत असायलाच हवं, मग यादीतल्या घरातल्या माणसाचं नाव माझं का असेना.

व्यवहार अडवून धरण्याचा अनुभव मात्र संमिश्र आहे. मावशीने मोलकरणीच्या मुलीच्या कॉलेजची फी भरायला पैसे पाठवायचे ठरवले. नवं खातं, मोठी रक्कम, म्हणून ते अडले आणि बँकेतून फोन आला. मावशी भडकली. “माझे पैसे मी कोणालाही देईन, मला विचारणारे हे कोण?” फोनवरच्या माणसाने वाद घातला नाही. पैसे तुमचेच आहेत, कोणी दबाव आणत नाही ना एवढंच विचारायचं आहे, उद्या याच वेळेला ते जातील, असं तो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. मुलीची फी वेळेत भरली गेली, पण त्या दिवशी शेवटची तारीख असती तर पंचाईत होती. फी, दवाखाना अशा ठिकाणी थेट संस्थेच्या खात्यात जाणाऱ्या पैशांना सूट हवी. ज्येष्ठांना पैसे द्यायचा हक्क आहे, उधळायचाही आहे. वय झालं म्हणून प्रत्येक मोठा खर्च संशयास्पद ठरवला तर संरक्षणाच्या नावाखाली दुसऱ्याच प्रकारे पैसा काढून घेतल्यासारखं होईल. ही रेघ ओढणं सोपं नाही, हे मला मान्य आहे. म्हणून फोनवर बोलणाऱ्याचं प्रशिक्षण हीच खरी गोष्ट आहे, आणि आमच्या वाट्याला आलेला माणूस चांगला शिकवलेला होता.

उणिवांमध्ये सगळ्यांत मोठी मोबाइल क्रमांकाची. खात्याला जोडलेला क्रमांक बदलायला फक्त जुन्या क्रमांकावरचा ओटीपी आणि सही पुरते. जुना फोन ज्याच्या हातात, तोच ओटीपी सांगणार. मग नवा क्रमांक त्याचाच, आणि तिथून पुढचे सगळे फोन आणि मेसेज त्याला जाणार. अशा वेळी ना मला काही कळवलं जातं, ना विश्वासू संपर्काला. इतकी काळजीपूर्वक बांधलेली सुविधा या एका खिडकीतून रिकामी होऊ शकते. क्रमांक बदलायचा अर्ज आला की दोघांनाही मेसेज जायला हवा आणि खातेदाराशी समोरासमोर बोलल्याशिवाय तो बदल होऊ नये. दुसरी उणीव, पाहणारा, विश्वासू संपर्क आणि नॉमिनी या तिन्ही जागी एकाच माणसाचं नाव चालतं. आम्ही वेगळी नावं दिली, पण अर्ज तसं सांगत नाही. शाखेत गर्दी असली की सोबत आलेल्या मुलाचंच नाव तिन्हीकडे लिहिलं जाणार, हे मी डोळे मिटून सांगू शकते. अ‍ॅपमधली अक्षरं बारीक आहेत आणि मोठी करता येत नाहीत. डोळ्यांचा त्रास असलेल्यांसाठीच ज्याची सर्वांत जास्त गरज, त्यात हे राहून जावं याचं वाईट वाटतं. आणि सुविधेची माहिती शाखेत कुठेही लावलेली नाही. मागितली तरच मिळते.

बँकेच्या आवाक्याबाहेरचंही बरंच असतं. घरात ठेवलेली रोकड, दागिने, घराचा कागद यांना कोणताही मेसेज येत नाही. विशेषतः घर. बक्षीसपत्र करून घर मुलाच्या किंवा पुतण्याच्या नावावर करायचं, तो सांभाळेल या भरवशावर, असं फार होतं. भारतात २००७ च्या आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्यातलं कलम २३ याच्यासाठी आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकतं. मात्र ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहिलेली असली तर पुढचा त्रास खूप वाचतो. वकिलाला आवर्जून ती लिहायला लावा. तो “घरच्या घरी कशाला अशी भाषा” म्हणाला तरी लिहायला लावा. न्यायाधिकरणाकडे साठीपुढच्या कोणालाही जाता येतं, मूलबाळ नसलेल्यांनाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे, सकाळी ८ ते रात्री ८. आणि फोनवरून किंवा ऑनलाइन फसवून पैसे गेले असतील तर १९३० वर जितक्या लवकर कळवाल तितकी ते वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त. हे दोन क्रमांक मावशीच्या फोनशेजारी मोठ्या अक्षरात लिहून चिकटवले आहेत.

पुतण्याचं काय झालं हे विचारलं जाईल. मावशीने पोलिसांत तक्रार करायची नाही असं ठरवलं. त्या अधिकारी मुलीने तिला तक्रारीचा मार्ग समजावून सांगितला, पुन्हा विचार करायला सांगितलं, आणि तिचा निर्णय मान्य केला. माझं मत वेगळं होतं आणि आजही आहे, पण पैसे तिचे, नातं तिचं. जुनं कार्ड बंद केलं, नवं तिच्याच कपाटात असतं. पुतण्या काही आठवडे आला नाही. त्या काळात दवाखान्याच्या गाडीची आणि सोबत जाणाऱ्या बाईची व्यवस्था आम्ही पैसे देऊन केली, कारण तिच्या गप्प बसण्याचं मूळ तिथेच होतं. ते सुटलं नसतं तर बँकेची कोणतीही सुविधा तिने आठवडाभरात स्वतःच काढून टाकली असती. आता तो अधूनमधून येतो. तिच्याशी पैशांबद्दल बोलत नाही. गेलेल्या रकमेतला काही भाग त्याने परत भरला आहे, आणि तो माझ्या पडद्यावर जमा म्हणून दिसला तेव्हा मी तिला फोन केला. “दिसलं मला,” ती म्हणाली. तिने पासबुक भरून आणून भिंगातून आधीच वाचलं होतं.

पाचांपैकी चार गुण देईन. ज्यांना विसरण्याचा आजार पुढच्या टप्प्यावर गेला आहे त्यांना ही सुविधा पुरणार नाही. तिथे न्यायालयामार्फत पालक नेमण्यासारखा मार्ग लागतो. ज्यांची बुद्धी शाबूत आहे पण डोळे, पाय किंवा कान साथ देत नाहीत, त्यांनी ती अवश्य घ्यावी, आणि गरज पडण्याआधी घ्यावी. जाताना ज्यांचं खातं आहे त्यांनाच घेऊन जा, त्यांना बरं वाटत असेल अशा वेळी, त्यांच्याच फोनसह. पिन त्याच दिवशी बदलून घ्या, आणि तो तुम्हालाही कळू देऊ नका. तुम्हाला बाहेर बसायला सांगितलं तर आनंदाने बसा. नाही सांगितलं, तर आपण होऊन उठा.

मोबाइल क्रमांकाच्या नियमाबद्दल आणि तीन वेगळ्या नावांबद्दल मावशीच्या सहीने शाखेत लेखी अर्ज दिला आहे. या वेळी अर्ज तिनेच सांगितला, मी फक्त लिहून घेतला, सही करण्यापूर्वी दोनदा वाचून दाखवला आणि शिक्क्यासह पोच घेतली. उत्तर आलं की इथेच कळवेन.